दारूकोठार, बाण डावीकडे

माझा आवाज मोठा आहे. मोठा म्हणजे किती, तर मी नागावच्या किनाऱ्यावर शिंकलो की पालीच्या देवळातली घंटा हलते आणि पुजारी म्हणतात, आज त्याला सर्दी झालेली दिसते. हे मी स्वतः ऐकलेलं नाही, कारण त्या वेळी मी नागावला शिंकत असतो. पण आजवर कुणी पालीहून येऊन हे खोटंही ठरवलेलं नाही.

आवाज वडिलांचा. त्यांनी वाटणी केली तेव्हा थोरल्याला डोंगराकडचं भातशेत दिलं, मला समुद्राकडची नारळाची वाडी दिली आणि आवाज मात्र अख्खा मलाच आला. पुढे सरकारी कचेरीत मी आयुष्य काढलं. साहेब तिथे मला फोन लावू देत नसत. म्हणत, तुम्ही नुसती खिडकी उघडा.

निवृत्त झाल्यावर बायकोने वाडीत खोल्या बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली. स्वयंपाक तिचा, हिशेब तिचा, चादरी तिच्या. माझ्याकडे मनोरंजन खातं. पाहुणे हरिहरेश्वरला जाता-येता राहतात, सकाळी समुद्रावर केळ्याच्या आकाराच्या फुग्यावर बसून ओरडतात, दुपारी सुरमई खातात आणि संध्याकाळी विचारतात, "काका, इथे बघण्यासारखं अजून काय आहे?"

मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो, "आमचा डोंगर."

"डोंगरावर काय आहे?"

"खाण आहे. मुंबईतल्या निम्म्या इमारती आमच्या डोंगरातून गेल्यात. समुद्राला लागून जी मोठी भिंत आहे ना, ती मूळची आमची."

हे ऐकून पाहुणे मान डोलावत आणि फुग्याकडे परत जात.

तर खाण. काळ्या दगडाची. आमचं गाव समुद्र आणि डोंगर यांच्या मध्ये चेपून बसलंय, आणि डोंगराचा गावाकडचा गाल खाणीने खाऊन टाकलाय. मी शाळेत असताना ती जोरात चालायची. पुढे बंद पडली आणि खड्ड्यात पाणी भरलं. त्या पाण्याला तळ नाही. (बायको म्हणते, कंबरभर आहे. तिची कंबर वेगळी.) खाणीच्या काठावर, गावापासून मुद्दाम लांब, एक लहान इमारत अजून उभी आहे. काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती, खिडकी नाही, एकच बुटका दरवाजा, वर साधी कौलं. तिचं नाव दारूकोठार.

दारू म्हणजे सुरुंगाची. खडकात भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची, पळायचं. या उडवण्याला खाणीत ‘बार’ म्हणतात. सकाळी एक बार, दुपारी एक. कोठाराची चावी वडिलांकडे असायची आणि बार उडण्याआधी गावाला हाक देणं हेही त्यांचंच काम. काठावर उभे राहून ते लाल फडकं हलवत आणि ओरडत, "बार हाऽऽय! बार! बार हाऽऽय!" की खाली गावात बायका बाहेर पळत. धुरळा पडायच्या आत वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढायचे, पोरांचे कान झाकायचे, पदर डोक्यावर घ्यायचा आणि खाली बसायचं. मग धडाम. मग सगळं पुन्हा सुरू. आमच्या गावात घड्याळ फक्त मास्तरांकडे होतं आणि तेही वडिलांच्या हाकेवर लावलेलं.

आता विचार करा. पुढे अलिबागच्या शाळेत मास्तर विचारायचे, वडील काय करतात? मी अभिमानाने सांगायचो, "बारवर असतात. दारू सांभाळतात." सगळा वर्ग हसायचा. मी अजून मोठ्याने सांगायचो. माझ्या एकूण कारकिर्दीची दिशा तिथेच ठरली.

कोठारात जाताना चपला बाहेर. देव आत आहे म्हणून नव्हे. चपलेचा खिळा दगडाला घासला आणि ठिणगी उडाली तर देवापाशी लवकर पोचाल म्हणून. कुलूप पितळेचं, चावी पितळेची, कारण तेच. भिंती जाड आणि छप्पर हलकं का, असं मी एकदा विचारलं. वडील म्हणाले, "उडालंच तर वर उडू दे. गावाकडं नको." पुढे मला स्वतःच्या डोक्याविषयीही हेच समाधान वाटत आलंय.

आणि दसऱ्याला कोठाराची पूजा व्हायची, तिची गंमत अशी की दिवा लावायचा नाही. उदबत्ती नाही, कापूर नाही, काही नाही. पितळी ताटात, जिथे निरांजन ठेवायचं तिथे, वडील एक टपोरं झेंडूचं फूल ठेवत आणि त्याच फुलाने आरती ओवाळत. सगळे कामगार अनवाणी, टाळ्या वाजवत, फुलाकडे बघत. जगात एवढीच एक आरती असेल जिच्यात काही जळत नाही. मी हे पाहुण्यांना सांगितलं की ते म्हणतात, "काका, ही तर तुमची थाप." माझ्या आयुष्याचा हाच घोळ आहे. खरं ते थाप वाटतं, आणि थाप मात्र लोक घरी नेतात.

*

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर सरपंच घरी आला. तरुण आहे, उत्साही आहे, मला काका म्हणतो. आंब्याचं पन्हं पिऊन म्हणाला, "काका, एक गोड बातमी. डोंगरावर सेल्फी पॉइंट होतोय. वरून समुद्र कसला दिसतो! बस वर नेणार आपण."

"बस वळणार कुठे?"

"तेच. खाणीच्या काठाशी सपाटी करायची. तेवढं एक पडकं घर आहे मध्ये."

"पडकं नाही ते."

"पाडलं की होईल." हसला. मग माझं तोंड बघून म्हणाला, "ग्रामसभेत ठेवतोय ठराव. एक मे. तुमचं काही म्हणणं असेल तर बोला ना तिथे. तुमच्यासारखं बोलणारं आहे कोण?"

तो गेला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन खिळ्याला लटकलेल्या पितळी चावीकडे बघत बसलो. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. कुलूप कधी उघडलं नव्हतं. पण ती तिथे आहे तोवर वडील फक्त वर खाणीवर गेलेत, संध्याकाळी उतरतील, असं काहीतरी मला वाटत असावं. हे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो. मोठ्या आवाजाचा तोटा हाच की काही गोष्टी त्यात मावत नाहीत.

मग मी माझ्या स्वभावाला धरून वागलो. घर वाचवायचं तर ते ऐतिहासिक करायला हवं. ऐतिहासिक करायचं तर लोकांनी बघायला यायला हवं. लोक यायचे तर पाटी हवी. मी प्लायवूडचा एक तुकडा आणला, पिवळा रंग दिला आणि लाल अक्षरांत लिहिलं:

ऐतिहासिक दारूकोठार

खाली बाण, डावीकडे. ‘ऐतिहासिक’ लिहिताना माझा अंदाज चुकला. अक्षरं मुंग्यांएवढी झाली. उरलेल्या जागेत ‘दारूकोठार’ मात्र कसं दणदणीत बसलं. पाटी अलिबागच्या रस्त्यावर, फाट्याच्या वडाला टांगली.

बायको पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, काही खटकत नाही का तुम्हाला?"

"काय खटकायचं?"

"काही नाही," ती म्हणाली. "बाण छान आलाय."

हीच ती बाई. संसारभर तिने मला असंच खड्ड्यात पडू दिलंय आणि वरून पायऱ्या मोजल्यात.

*

पहिली गाडी शनिवारी आली. मी वर कोठाराच्या दाराशी, धुतलेल्या सदऱ्यात, इतिहास तोंडावर घेऊन उभा. गाडीतून चार-पाच तरुण उतरले. एकाच्या हातात फरसाणाचा पुडा, एकाच्या हातात सोड्याच्या बाटल्या. मला वाटलं, काय तयारीने येतात हल्ली लोक इतिहासाला!

"नमस्कार! या! चपला काढा."

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग आदराने चपला काढल्या.

"काका, जुनी आहे?"

"खूप जुनी. वडिलांच्या आधीपासूनची."

"बापरे. आणि अजून चालू?"

"आता बंद आहे. पण पूर्वी रोज सकाळ-दुपार बार असायचा."

"दुपारी पण?"

"रोज! वडील स्वतः ठासायचे."

पोरं थक्क झाली. फरसाणवाला अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, थोडी उरली असेल ना? टेस्ट करायला?"

मी म्हणालो, "अरे बाबा, तिला काडी लागली तर तू, मी आणि हा डोंगर, तिघं अलिबागला सापडू."

"एवढी कडक!" तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या डोक्यात उजेड पडायला फार वेळ लागला नाही. पोरं भिंतीच्या सावलीत पुडा उघडून बसलीसुद्धा होती, तेव्हा पडला. मी घसा फोडून खुलासा केला. ते म्हणाले, कळलं काका, काही हरकत नाही, जागा मस्त आहे, सावली आहे. आणि गाडीच्या डिकीतून स्वतःची काढली.

पुढच्या शनिवारी गाड्या वाढल्या. मोबाइलच्या नकाशात कुणीतरी कोठाराला ठिपका देऊन टाकला होता, शेजारी पेल्याचं चित्र. ‘शांत जागा, मालक विनोदी,’ असा कुणाचा तरी शेराही होता. त्यांतल्या कुणीही वडिलांच्या हाकेविषयी विचारलं नाही. कोठाराच्या भिंतीशी बाटल्यांचा ढीग झाला. मी पाटी उतरवायला गेलो तर पाटी नव्हती. आवडली म्हणून कुणी नेली होती. बाण मात्र वडाच्या बुंध्यावर खडूने काढलेला होता. सार्वजनिक सोय म्हणून.

*

मग वहिनी आली.

वहिनीविषयी सांगायला हवं. थोरल्या भावाची बायको. आमच्या गावात सात वर्षं झाली दारूचं दुकान नाही, ते तिच्यामुळे. दारूबंदीचं मतदान असतं, त्यात उभी बाटली की आडवी बाटली असा कौल घेतात. वहिनीने घराघरांत फिरून गावातल्या बायकांना बाहेर काढलं आणि बाटली आडवी केली. त्या मतदानाच्या आधीच भाऊ गेला होता, आणि का गेला ते तिला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तेव्हापासून ती महिला मंडळाची अध्यक्ष. बुटकी आहे, आवाज बारीक आहे, आणि सरपंच तिला बघून मोटारसायकलवरून उतरतो.

मी ओटीवर नारळ सोलत होतो. ती बसली नाही.

"भावोजी, वर बाटल्या किती हायत, बघितल्या?"

"वहिनी, ते बाहेरचे लोक—"

"बाहेरच्यांना वाट कुनी दावली?"

मी नारळ सोलत राहिलो. फार सोललेला होता तो, पण मी सोलत राहिलो.

"मी गावातनं घालवली," ती म्हणाली, "आनि तुमी पाटी लावून आनली. लाल रंगात. बानासकट."

"ती दारू वेगळी, वहिनी. तुम्हाला ठाऊक आहे. बाबांचं कोठार आहे ते."

"ठाव हाय. माज्या लग्नात मामंजी त्या कोठारावरनं थेट मांडवात आले व्हते, हातांना कसलातरी वास. कुनी म्हनालं, दारूचा. मला वाटलं, झालं, सासराबी असलाच." ती एवढं बोलून किंचित हसली आणि लगेच थांबली. "त्यांनी जल्मभर दारू सांभाळली, कुनाच्या बोटाला इजा न्हाय. आनि घरातल्या पोराला..."

ते वाक्य तिने तसंच सोडलं. माझा आवाज, जो पालीपर्यंत जातो म्हणतात, तो त्या वेळी ओटीच्या पायरीवरूनसुद्धा उतरला नाही.

"सरपंच पाडतोय, तर पाडू दे," ती जाता जाता म्हणाली. "त्या नावाचं काय बी गावात नको. मंडळाच्या बाया एक मेला हात वर करनार. तुमाला आधीच सांगते, मागनं बोलू नका."

मंडळाच्या बाया म्हणजे अर्धी ग्रामसभा. उरलेल्या अर्ध्याला बस हवी होती. म्हणजे माझ्या बाजूने मी, आणि बायको. बायकोचंही मी गृहीत धरत होतो.

*

एक मे. शाळेच्या पटांगणात मांडव, पंखे गरगरतायत, समोर सरपंचांचं टेबल. मी रात्रभर भाषण घोकलेलं. थापांचा असा ऐवज मी आयुष्यात एका जागी रचला नव्हता. कोठाराखाली भुयार होतं जे जंजिऱ्याला निघत होतं. समुद्राखालून. मध्ये एका परदेशी आरमाराची बुडालेली बोट होती, तिला वळसा घालून.

मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो आणि भुयारापर्यंत आलो. मागून कुणीतरी विचारलं, "काका, भुयार मागल्या वर्षी देवळाखाली होतं ना?"

"ते दुसरं."

"ते पण जंजिऱ्यालाच निघायचं."

"जंजिऱ्याला काय भुयारांचा तोटा आहे?" मी म्हणालो. मांडव हसला. सरपंच हसला. वहिनी पहिल्या रांगेत बायकांमध्ये बसली होती, ती हसली नाही. शेजारणीचं तान्हं पोर तिच्या मांडीवर होतं आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती.

मग मी म्हटलं, बरं, खरं सांगतो. दिव्याशिवायची आरती सांगितली. झेंडूचं फूल सांगितलं. त्यावर मांडव जास्तच हसला. एकजण म्हणाला, "काका, ही नवीन आहे, ही चांगली आहे." मी उभ्या उभ्या आडवा पडलो. थापा मारून मारून मी माझं खरं बोलण्याचं नाणं कधी घासून टाकलं, ते मला त्या पटांगणात कळलं.

सरपंच उठला. "काकांचे आभार. आता ठरावाच्या बाजूने ज्यांचं मत—"

आणि वीज गेली. पंखे थांबले, ध्वनिक्षेपक मेला. सरपंच बोलत होता पण ऐकू येत नव्हतं. बायकांचे हात वर जायला लागले होते. मला काहीतरी म्हणायचं होतं. थांबा म्हणायचं होतं बहुतेक. शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेला काय किंमत आहे ते ठाऊक असून सांगतो, की जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. खांद्यावरचा लाल पंचा हातात आला आणि तोंडातून वडिलांची हाक निघाली.

"बार हाऽऽय! बार! बार हाऽऽय!"

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायांनी एकदम पदर डोक्यावर घेतले आणि खुर्च्यांवरून खाली बसल्या. निवृत्त मास्तर, ज्यांचे गुडघे दोन्ही बदललेले, ते सरपंचांच्या टेबलाखाली कसे गेले हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. कोपऱ्यातून एक मावशी ओरडली, "बोंबील काढा गं!" आणि खरोखर तीन-चार जणी उठून घराकडे पळाल्या. तरुण पोरं मोबाइल हातात धरून जागच्या जागी, आपल्या आज्यांकडे बघत, काय झालं ते न कळून.

आणि वहिनी. तिने पदर घेतला नाही. तिचे दोन्ही तळवे मांडीवरच्या पोराच्या कानांवर गेले होते, घट्ट, आणि डोळे मिटलेले.

मग शांतता. अर्धा मांडव कान झाकून, वाकून, स्फोटाची वाट बघत थांबला. किती वेळ, कुणास ठाऊक. पंखे बंद, कावळासुद्धा गप्प. धडाम काही येईना.

टेबलाखालून मास्तरांचा आवाज आला, "फुसका गेला वाटतं."

जो हशा उठला, त्याने मांडवाचा एक खांब तिरका झाला. अजून आहे, दाखवतो. म्हाताऱ्या एकमेकींना धरून उठत होत्या, हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि सगळ्या एकदम बोलत होत्या. बोंबील, धुरळा, अमकीची बाळंतीण कशी दचकली, तमक्याची म्हैस कशी पळाली. सरपंच टेबल वाजवत होता. कुणी ऐकेना.

वहिनी उठली तशा बायका गप्प झाल्या. तिने पोर शेजारणीला दिलं.

"मामंजींची हाक हाय ती," ती म्हणाली. बारीक आवाजात, पण वीज नव्हती म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "मी ह्या गावात नवीन आले तवा मला काय बी ठाव नव्हतं. कुनाच्या घरात कदी जायचं, भात कदी टाकायचा. ही हाक आली की समजायचं. पहिल्या बाराला न्याहारी, दुसऱ्या बाराला भात." तिने पदर सारखा केला. "ते घर ठेवा."

"काकू," सरपंच म्हणाला, "पण तुम्हीच—"

"मी म्हनाले व्हते. आता दुसरं म्हनते. गाड्या खाली शाळेपाशी लावा, मानसं चालत वर जाऊ द्यात. तहान लागंल त्यांना. आमचं मंडळ कोकम सरबत ठेवंल."

सरपंच हुशार आहे. वारा फिरला की शीड वळवतो. "मग नाव तरी बदलू या," तो म्हणाला. "दारू शब्द नको. बारघर?"

मांडव पुन्हा कोसळला.

"बारूदखाना?" एकाने सुचवलं.

"पहिली दोन अक्षरं वाचूनच वळतील सगळे," दुसरा म्हणाला.

"स्फोटक भांडार!"

"मग पोलीस वळतील."

मी सुचवलं, सुरुंगगृह. कुणाच्याही जिभेला ते पेललं नाही, माझ्यासुद्धा. शेवटी सगळे वहिनीकडे बघायला लागले.

"दारूकोठारच लिवा," ती म्हणाली. "मामंजी तेच म्हनायचे. त्या शब्दाला माज्या घरात लई वाईट दिस आले. पन त्याच्या आदी तो चांगल्या मानसाचा व्हता." मग माझ्याकडे वळून, "आनि खाली काय लिवायचं ते मी सांगते. तुमी लिवायचं न्हाय. तुमची अक्षरं कुनीकडं बी पळतात. आनि चावी माज्याकडं द्या."

मी चावी दिली. त्याच संध्याकाळी, खिळ्यावरून काढून. मला वाटलं होतं की खिळा रिकामा बघून काहीतरी होईल. झालं एवढंच की बायकोने त्यावर गाळणी टांगली.

*

आता फाट्यावर नवीन पाटी आहे. शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी रंगवली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, एकसारखी. ‘दारूकोठार. दगडखाणीची जुनी वास्तू. येथे दारू मिळत नाही, आणता येत नाही. चपला बाहेर.’ पाहुण्यांनी त्या पाटीसोबत इतके फोटो काढले की सेल्फी पॉइंट फाट्यावरच झाला. वरच्या समुद्राकडे कुणी बघत नाही. मी सांगतो, वरून मस्कत दिसतं. तरी नाही.

दसऱ्याला वहिनीने कुलूप उघडायचं ठरवलं. आम्ही सगळे वर गेलो. चपला काढल्या. पितळी चावी फिरायला कुरकुर करत होती, तिने तेल घातलं, पुन्हा फिरवली. दार उघडलं. आत काहीच नव्हतं. थंडगार काळोख, कोरड्या लाकडाच्या फळ्या आणि एका कोपऱ्यात वटवाघळाचा संसार. मी पाहुण्यांना वर्षानुवर्षं या आतल्या गोष्टी वर्णन करून सांगत होतो. एकही खरी निघाली नाही.

वहिनी उंबऱ्यात उभी राहिली. ताटात निरांजनाच्या जागी झेंडूचं फूल होतं. तिने ते मला विचारून ठेवलं नव्हतं. तिला आठवत होतं. ग्रामसभेत मी सांगितलं तेव्हा हसला नसेल असा बहुधा एकच माणूस होता, आणि हसणाऱ्यांकडे बघण्यात मी एवढा गुंतलो होतो की मला तो दिसलाच नाही.

तिने फूल ओवाळलं. मंडळाच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. शहरातले दोन पाहुणे काठाशी उभे होते, अनवाणी, एकाने मला कुजबुजून विचारलं, "काका, दिवा विझला का?"

मी तोंड उघडलं. भुयार, आरमार, बुडालेली बोट, सगळं जिभेवर हजर होतं.

"भावोजी," वहिनी ताट खाली न ठेवताच म्हणाली, "खरं सांगा त्यास्नी."

म्हणून मी खरं सांगितलं. पाहुणा म्हणाला, "काका, तुम्ही पण ना!"